बांगड्या सकाळी का चढत नाहीत

माझ्या मावशीला आमवात आहे. सकाळी सातला तिच्या बांगड्या हातात चढत नाहीत, दहाला चढतात. रात्रभरात सांधे सुजून आखडतात. मग चहा-बिस्किट आणि वेदनाशामक गोळी. डॉक्टरांनी बजावलंय, उपाशीपोटी घेऊ नका.

का, ते पाहायला पेशीच्या आवरणापाशी जावं लागतं. ते बनलेलं असतं चरबीच्या रेणूंनी. फॉस्फोलिपेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यातून २० कार्बनचं अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल सुटं करतं. लायपॉक्सिजनेज हे विकर त्याचे ल्युकोट्राइन नावाचे रेणू बनवतं, आणि त्यातलं बी४ पांढऱ्या पेशींना सांध्याकडे ओढून आणतं. त्याच आम्लापासून कॉक्स हे विकर बनवतं प्रोस्टाग्लँडिन. त्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, वेदनेच्या नसा हळव्या होतात. (प्रोस्टाग्लँडिन प्रथम वीर्यात सापडले, म्हणून प्रोस्टेट ग्रंथीचं नाव मिळालं. पुढे ते जवळपास सगळ्या शरीरात निघाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.)

अ‍ॅस्पिरिन कॉक्सला अडवतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण कॉक्सचाच एक भाऊ जठराच्या अस्तराची राखण करतो. गोळी त्यालाही गप्प करते, म्हणून ते बिस्किट.

आता खरी अडचण. सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातल्या पेशी दुसरीच विकरं सोडतात, कोलॅजिनेज. कूर्चेतलं, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरातलं, कोलॅजन हे चिवट प्रथिन कातरणाऱ्या या कात्र्याच. असं विकर १९६२ मध्ये सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत! शेपूट झडायची तर कोलॅजन कापायलाच हवं. तिथे शेपूट संपली की काम संपतं. साध्या जखमेतही लिपॉक्सिनसारखे चरबीचेच रेणू 'आता पुरे' असा निरोप देतात आणि सूज ओसरते. आमवातात तो निरोप पुरेसा पोचत नाही, कातरणं चालूच राहतं.

वेदनाशामक गोळी या कात्र्यांना आवरत नाही. झीज रोखायला आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेट असते. तिचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात आणि घेतल्या दिवशी बरं असं काही वाटत नाही. मावशी नेमकी तीच चुकवते. म्हणते, "अगं, आज दुखतच नाहीये ना!"