रूम टोन म्हणजे अँबियन्स नव्हे

शॉर्टफिल्म करून आलेल्या पोरांच्या हार्डडिस्कवर ‘अँबियन्स’ नावाचं फोल्डर हमखास असतं. उघडावं तर आत एकच फाइल, चाळीसेक सेकंदांची. मधे कुणीतरी खोकलंय, शेवटी ‘झालं का रे?’ ऐकू येतं. ती खोलीची शांतता, म्हणजे रूम टोन आहे, की गावाचा आवाज, म्हणजे अँबियन्स, हे रेकॉर्ड करणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग एडिटला बसल्यावर दोन्ही कामांना तीच फाइल ओढली जाते आणि दोन्ही कामं बिघडतात.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही वेळा कॅमेरा बंद असतो, पात्रं बोलत नाहीत, आणि साउंडवाला हेडफोन लावून हात वर करून ‘कुणी हलू नका’ म्हणत असतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसायचा कसा? बीडकडच्या एका वाडीवर आमचं शूटिंग चालू होतं, तेव्हा घरातल्या आजींनी विचारलं होतं, “कोणी बोलंना, तर भरून काय घ्यायलाव रे?” कॅसेटच्या काळातला तो ‘भरून घेणं’ शब्द मला अजून आवडतो. प्रश्नही बरोबर होता. काय भरून घेतोय हे आधी ठरलेलं पाहिजे.

रूम टोन भरून घेतो तो संवादासाठी. सीनमधल्या दोन वाक्यांच्या मधे दिग्दर्शकाने सूचना दिली, खुर्ची करकरली, बांगडी वाजली, की एडिटमध्ये तेवढा तुकडा कापावा लागतो. कापल्या जागी भोक पडतं. त्या भोकात काहीच नसतं, आणि असं ‘काहीच नसणं’ कुठल्याही खऱ्या खोलीत नसतं. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण स्पीकर गेला की काय असं क्षणभर वाटतंच. ते भोक बुजवायला त्या खोलीचीच शांतता लागते. शर्टाला ठिगळ लावायचं तर त्याच ताग्यातलं कापड हवं, तसं. म्हणून माइक तोच, त्याची जागा तीच, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) तोच. खोलीत माणसं तेवढीच, कारण माणसांचे अंग-कपडेही आवाज शोषतात. दारं-खिडक्या जशा होत्या तशाच, शूटिंगच्या दिव्यांचा खर्ज होता तर तोही चालू. थोडक्यात, ‘कट’ झाल्यावर कुणी स्टँड उचलायच्या आत हे उरकायचं. मिनिटभर तरी घ्यावा. साठ सेकंदांतली खोकणारी-सरकणारी सेकंदं वगळली तर वापरण्याजोगी वीसच उरतात, हा माझा अनुभव.

अँबियन्सचं काम कथेचं आहे. पडद्यावर एक खोली दिसतेय. ती गावात आहे की बसस्टँडमागे, पहाट आहे की भर दुपार, सुगी आहे की दुष्काळ, हे तो सांगतो. तो संवादाच्या ट्रॅकवर कधीच जात नाही, त्याचा ट्रॅक वेगळा असतो आणि अख्ख्या सीनखालून सलग वाहतो. तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माइकने, अगदी दुसऱ्या गावात घेतलेला असला तरी चालतो. खरा वाटला की झालं.

वाडीवरची ती फिल्म ऊसतोडीला गेलेल्या घराची होती. कथा जानेवारीतली आणि शूटिंग मे महिन्यात, कारण सुट्ट्या तेव्हाच. कॅमेऱ्याने निभावून नेलं, चौकटी नीट धरल्या की मे लपवता येतो. आवाजात तो लपेना. मे म्हणजे लग्नसराई, दोन गल्ल्या पलीकडे डीजे, कोकिळा, आणि मुख्य म्हणजे गाव भरलेलं. दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात निघून जातात, तेव्हा या गावांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. गाड्यांबरोबर बैलही गेलेले असतात, म्हणून घुंगुरमाळाही नाहीत. त्या गावाचा आवाज वेगळा असतो, आणि ती फिल्म त्याच आवाजाबद्दल होती.

आमच्यातला एक जण डिसेंबरात पुन्हा तिथं गेला. पहाटे ओट्यावर रेकॉर्डर ठेवून प्रत्येक वेळी पाच-पाच मिनिटं घेत राहिला. लांबवर हातपंप, कुणाचं तरी खोकणं, खूप वेळाने शाळेची घंटा. सात महिन्यांनी आणलेला हा अँबियन्स मेच्या चित्राखाली टाकला आणि सीन जागेवर बसला. हुशारी म्हणून पठ्ठ्याने त्याच खोलीचा रूम टोनही घेतला होता, त्याच माइकने, त्याच गेनवर. मेपेक्षा फार स्वच्छ आलाय म्हणून खूश होता. तो मात्र एका ठिकाणीही बसला नाही. वाक्य संपलं की मागची भुणभुण अचानक नाहीशी व्हायची, पुढचं वाक्य सुरू झालं की परत यायची. स्वच्छ टोन घेऊन करायचं काय? संवाद जितका मळलेला, तितकंच मळलेलं ठिगळ लागतं.

ती भुणभुण विजेची होती, आणि मराठवाड्यात शूटिंग करणाऱ्याने या गोष्टीवर थोडं थांबलंच पाहिजे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर, शेजारचा फ्रीज, विहिरीवरची मोटार, सगळ्यांचा खर्ज ५० नि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० असा येतो. माइकवर किंवा रेकॉर्डरवर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज दाबणारी चाळणी) लावला की ५० बराचसा खाली बसतो. १०० आणि १५० तसेच राहतात, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्येच असतो. म्हणजे उरलेला खर्ज नेमका नटाच्या आवाजात मिसळलेला. आता भर सीनमध्ये लाईन गेली की गावाचा सगळा गुणगुणाट एका झटक्यात बंद होतो. शूटिंगच्या वेळी सगळे खूश, कारण हेडफोनमध्ये छान शांत झालेलं असतं. पण अर्धे टेक लाईन असतानाचे, अर्धे नसतानाचे, आणि एडिटमध्ये ते एकाआड एक लागतात.

अशा वेळी टोन दोन घ्यायचे, लाईन असतानाचा आणि गेल्यावरचा. दुरुस्ती मात्र उलट्या दिशेने होते. भुणभुण असलेल्या टेकमधून ती पूर्ण काढता येत नाही, पण शांत टेकखाली ती घालता येते. लाईन असतानाचा टोन शांत टेकखाली अंथरला की दोन्ही एकसारखे होतात. त्यामुळे दोघांतला गलिच्छ टोनच जास्त कामाचा, आणि घाईत राहून जातो तोही नेमका तोच. शूटिंगच्या आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा, या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे की रात्री. लोकेशनचा हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नसेल, पण थ्री फेज आली की पिठाची गिरणी आणि शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात. फ्रीज तुम्हीच बंद केला असेल तर गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती. निघताना चावी शोधावी लागते आणि लोकांचं दूध नासत नाही.

नॉइज रिडक्शन करणारी बरीच सॉफ्टवेअरं तर रूम टोनवर जगतात. नुसत्या गोंगाटाचा नमुना दाखवला की ती तसलाच गोंगाट संवादातून वजा करतात. तिथं अँबियन्सची फाइल दिलीत, तर त्यातली चिमणी हा गोंगाट आहे असं समजून सॉफ्टवेअर नटीच्या आवाजातल्या त्याच पट्टीवर रंधा मारतं. मग नटी डब्यातून बोलल्यासारखी वाटते.

यंत्रांचं फार काही नाही. टोन संवादाच्याच बूमवर (लांब काठीवर धरलेल्या माइकवर), म्हणजे मोनोच. अँबियन्स स्टिरिओ हवा. हँडी रेकॉर्डरवर एकमेकांना ओलांडून बसवलेले दोन माइक असतात ते पुरतात, वर केसाळ विंडशिल्ड मात्र हवंच. रेकॉर्डरचं सेटिंग दोन्हींना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. अँबियन्स लांब घ्यायचा तो लूप करताना पकडलं जाऊ नये म्हणून. तीस सेकंदांची फाइल चार वेळा जोडली की तोच कुत्रा चार वेळा भुंकतो, आणि दुसऱ्यांदा भुंकला तेव्हाच प्रेक्षकाने त्याला ओळखलेलं असतं.

घरांबद्दल एक सांगायचं राहिलं. माळवदाच्या घरात जाड भिंती आणि वर लाकूड-मातीचं छत, त्यामुळे टोन मऊ येतो आणि सकाळचा दुपारी चालून जातो. पत्र्याच्या घरात असं गृहीत धरू नका. ऊन चढलं की पत्रा फुगून तडतडतो, सांजेला आकसताना पुन्हा. तिथं प्रत्येक सीनला नवा टोन. आणि ती तडतड हेडफोनमध्ये आवडली तर वेगळ्या फाइलमध्ये पाच मिनिटं जरूर घ्या; संवादाखाली ती कचरा असली तरी दुपार दाखवायला तिच्यासारखी चीज नाही. आवाज एकच, पण कुठल्या ट्रॅकवर बसतो त्यावरून त्याचं नाव ठरतं.

वाइल्ड ट्रॅकला या दोघांत ओढू नका. कॅमेरा बंद ठेवून नटाकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, किंवा दाराची कडी वाजवून घेतली, तर तो वाइल्ड ट्रॅक.

उरला पोरांचा नेहमीचा प्रश्न: सीन शेतात आहे, रूमच नाही, मग रूम टोन कसला? तरीही घ्यायचा, आणि तिथं तर दोन-दोन घ्यायचे. बांधावर दोघं समोरासमोर बोलतायत. एकावर बूम धरला की त्याच्या मागचा डांबरी रस्ता ऐकू येतो, दुसऱ्यावर धरला की ज्वारीची पानं. शॉटगन माइक दिशा पकडतो, म्हणून दोन पात्रांमागची शांतताही दोन तऱ्हेची. प्रत्येकाचा शेवटचा टेक झाला की बूम तिथंच धरून मिनिटभर थांबायचं, आणि थांबायच्या आधी माइकमध्ये मोठ्याने बोलून ठेवायचं: “सीन सात, टोन, बापाची बाजू, लाईन आहे.” दोन महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला एवढं पुरतं.