संयुक्त आहे, पण अवयव कोणते?

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली एक यादी छापली. दोनच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या कोणत्या घातांकांसाठी मिळते, ते त्याने २५७ पर्यंत सांगून टाकले होते. एवढ्या मोठ्या संख्या हाताने तपासणे त्या काळी अशक्यच होते, त्यामुळे यादीत चुका निघाल्या याचे नवल नाही: ६१, ८९ आणि १०७ हे घातांक राहून गेले, तर ६७ आणि २५७ नको असताना आत आले.

यांतल्या ६७ ची कथा विशेष आहे. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती मूळ नाही, हे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केले. मात्र तिचा एकही अवयव त्याला सांगता आला नाही.

हे कसे शक्य आहे, ते ल्युकाच्या कसोटीवरून कळते. पुढे लेमर या अमेरिकन गणितज्ञाने सोप्या केलेल्या रूपात ती अशी: ४ पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ. ३१ साठी (घातांक ५) ४, १४, ८, ० असा क्रम येतो, म्हणून ३१ मूळ. २०४७ साठी (घातांक ११) नवव्या पायरीला १७३६ उरतात, म्हणून ती संयुक्त. पण ती २३ गुणिले ८९ आहे, याचा त्या १७३६ मध्ये मागमूसही नाही.

अवयव शोधायचे म्हणजे वर्गमूळापर्यंत, इथे बारा अब्जांच्याही पुढे, भागाकार करत जायचे. सुदैवाने घातांक विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते (२३ आणि ८९ ला २२ ने भागून पाहावे), तसेच आठने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. त्यामुळे ६७ च्या बाबतीत १३४ च्या पटीत एक मिळवून आलेल्या संख्याच, आणि त्यांतल्याही निम्म्याच, पाहाव्या लागतात. तरीही पहिला अवयव १३४ च्या १४,४५,५८० पटीहून एकने मोठा निघाला; तिथपर्यंत नुसत्या भागाकाराने पोहोचायचे, तर सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात.

कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) साहाय्याने ही चाळणी आणखी बारीक केली आणि १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन मूळ अवयव मांडले. त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला आणि टाळ्या घेतल्या, असे सांगतात. कथा नंतर रंगवली गेली असावी, पण गुणाकार पक्का आहे. शाळेतला नवाचा ताळा करून पाहिला, तर अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ व ६४, म्हणजे बाकी १ आणि १. गुणाकाराच्या अंकांची बेरीज १०९, बाकी पुन्हा १. ताळा जुळला म्हणजे गुणाकार सिद्ध झाला असे नव्हे, हेही शाळेतच शिकवतात.

आज हे दोन अवयव साधा संगणक क्षणार्धात काढतो, पण दोन कामांमधले अंतर मिटलेले नाही. २०२४ मध्ये चार कोटींहून अधिक अंकांची एक मर्सेन संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून येणारी) मूळ असल्याचे सिद्ध झाले, तर संदेश गुप्त ठेवणाऱ्या आरएसए या पद्धतीच्या कसोटीसाठी दिलेल्या आरएसए-२५० या अवघ्या २५० अंकी आव्हान-संख्येचे अवयव पाडायला २०२० साल उजाडले आणि त्यासाठी असंख्य संगणक राबवावे लागले. आरएसए पद्धतीची सांकेतिक सुरक्षितता याच अंतरावर उभी आहे. मर्सेनच्या कुळातही ६७ चा वारसदार आहेच: २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे केव्हाच सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही अवयव अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.