गारगोटीचं घड्याळ आणि घरभर एकच गाणं

"अरे, हा गायक स्वतःच्याच मागे धावतोय बघ," आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन म्हणाली. हाताला कणीक तशीच. बाहेरच्या खोलीत एक स्पीकर, ओट्याशेजारी दुसरा, आणि दोन्हींवर तासाभराचं एकच भजन. दोन्ही फोनांवर मी ते पुन्हा पुन्हा सुरू करून अगदी जुळवून घेतलं होतं आणि सुरुवातीला छान चाललं होतं. पोळ्या निम्म्या होईपर्यंत मात्र उंबऱ्यात उभं राहिलं की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागला.

दुकानात विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: "तुमच्या वाय-फायचा स्पीड कमी पडतोय, मोठा प्लॅन घ्या." हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की शेवटी लिहायलाच बसलो. एक तर भजन दोन्ही फोनांत उतरवून ठेवलेलं होतं, इंटरनेटचा संबंधच नव्हता. आणि वाय-फायवरून पाठवायचं म्हटलं तरी सीडीच्या दर्जाच्या आवाजाला लागतं किती? आवाजाची लहर त्या त्या क्षणी किती उंच होती हे सांगणारे सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १४ लाख बिट, म्हणजे १.४ मेगाबिट. पाच खोल्यांना सात. घरातला साध्यातला साधा राउटरही एवढं सहज वाहून नेतो. घरभर एकच गाणं वाजवणं हा वेगाचा प्रश्न नाहीच. तो वेळेचा आहे. दोन खोल्यांतल्या दोन घड्याळांचं एकमत होत नाही, एवढंच.

आधी एक आठवण काढतो, कारण पूर्वी हे आपोआप जमत होतं. सकाळी शाळेत निघालो की गल्लीतल्या प्रत्येक घरात रेडिओ लागलेला असे. एका दारातून सुरू झालेला अंतरा पुढच्या दारात पुरा होई, मधे एक शब्दही तुटत नसे. रेडिओच्या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात, त्यामुळे सगळ्या घरांत त्या जणू एकाच वेळी पोचत. शिवाय त्या रेडिओजवळ साठवलेलं काहीच नसे. आलं की वाजवलं. लय आकाशवाणीच्या केंद्रावर ठरायची. आज फोनवर मॅच बघताना आपला गोलंदाज अजून धावत येत असतो आणि शेजारच्या घरातून "आऊट!" असा ओरडा येतो, कारण आताचं प्रत्येक यंत्र आधी साठा करतं आणि मग आपल्या घड्याळाप्रमाणे तो उलगडतं. ज्याचा साठा मोठा, तो मागे.

हे घड्याळ कशाचं असतं? गारगोटीचं. लहानपणी अंधारात आपण ज्या दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो, तेच क्वार्ट्‌झ. शुद्ध क्वार्ट्‌झचा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. गॅसच्या लायटरची कळ दाबल्यावर उडणारी ठिणगी याच गुणधर्माची, फक्त तिथे क्वार्ट्‌झऐवजी वेगळा सिरॅमिकचा तुकडा असतो. उलट बाजूनं, स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो किंचित वाकतो, आणि वीज योग्य तालात देत राहिलं तर घंटेसारखा एका ठरावीक कंपनसंख्येनं थरथरत राहतो. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅरिसन आणि हॉर्टन यांनी याच्यावर पहिलं घड्याळ चालवलं. तुमच्या मनगटावरच्या घड्याळातली गारगोटी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करा, बरोबर १ उरतो. तोच सेकंद काट्याचा टिक. फोनातही असाच एक स्फटिक असतो, आणि त्याच्या थरथरीतूनच "आता पुढचा आकडा वाजव" ही आज्ञा सेकंदाला ४४,१०० वेळा सुटते.

पण कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे कापले जात नाहीत. स्वस्त यंत्रांत दहा लाखांमागे २० ते ५० कंपनांचा फरक चालवून घेतात, आणि तापमानानं तो आणखी हलतो. शेगडीजवळचा फोन आणि पंख्याखालचा फोन यांची चाल त्यामुळेही वेगळी पडते. माझ्या दोन फोनांत किती फरक आहे ते मी मोजलं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले, दोन्हींवर दर सेकंदाला तबल्याचा एक ठोका असलेली फाईल लावली, तिसऱ्या फोनवर ते रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडलं. पडद्यावर प्रत्येक ठोका म्हणजे एक उभा काटा. सुरुवातीला दोन काटे जवळजवळ चिकटलेले, ६ मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या सहा हजारांश भागांच्या, अंतरावर. तासाभरानं तेच अंतर १०० मिलिसेकंद. तासाला ९४ मिलिसेकंद म्हणजे दहा लाखांत २६. आईला ऐकू आलेला दुसरा गायक तो हाच.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. घड्याळ जलद चाललं की गाणंही जलद होतं, म्हणजे स्वर चढायला हवा. चढतोही, पण किती? सप्तकाचे १२०० सेंट धरले तर दहा लाखांत ५० हा फरक एका सेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. श्रुतींमधलं सर्वांत लहान मानलेलं अंतर साधारण २२ सेंटचं. त्याच्या अडीचशेव्या हिश्श्याचा हा फरक कुठल्याही गवयाला कळणार नाही. स्वर म्हणून जो फरक शून्यवत, तोच वेळ म्हणून साचत जातो आणि तासाभरात घरभर घुमतो. याचा फायदा असा की दुरुस्तीही त्याच चोरपावलांनी करता येते.

स्वरांच्या सूक्ष्म फरकावरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. "४३२ हर्ट्‌झवर लावलेलं संगीत विश्वाच्या कंपनांशी जुळतं, रोग बरे करतं" असे संदेश आपल्याकडे घरोघर फिरतात आणि तशा "शुद्ध" ध्वनिफिती विकल्याही जातात. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद ठरवला माणसानं. सेकंद थोडा मोठा ठरवला असता तर त्याच स्वराचा आकडा बदलला असता. विश्वाला आपला सेकंद ठाऊक नाही. आपल्या संगीतात तर सा ठरलेलाच नसतो. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी चारमध्ये, आणि दोघंही आपल्याला तितकंच रडवतात.

आता घड्याळं जुळवायची कशी? समजा, तुमच्या आणि शेजारच्या वाड्यातली घड्याळं जुळत नाहीत आणि निरोप न्यायला एक पोऱ्या आहे. तो तुमच्या घड्याळात ८:०० ला निघाला. शेजारी पोचला तेव्हा त्यांच्या घड्याळात ८:०७. तिथून त्यांच्या ८:०८ ला निघाला आणि परत आला तेव्हा तुमच्याकडे ८:०५. जाताना दिसलेला फरक ७ मिनिटं, येताना दिसलेला ३. जाताना चालण्याचा वेळ फरकात मिळवला गेला, येताना तेवढाच वजा झाला. म्हणून दोन्हींची सरासरी काढली की चालण्याचा वेळ आपोआप गळून जातो: ५ मिनिटं. शेजाऱ्यांचं घड्याळ ५ मिनिटं पुढे. पोऱ्या किती भरभर चालतो हे विचारावंही लागलं नाही! इंटरनेटवरचे संगणक १९८० च्या दशकापासून आपली घड्याळं याच चार नोंदींवर जुळवत आले आहेत. डेव्हिड मिल्स यांनी ती पद्धत बांधली.

एक खोच आहे. जाताना चढ असेल, म्हणजे जायला ३ मिनिटं आणि यायला १, तर हाच हिशोब ५ ऐवजी ६ मिनिटं सांगतो. चूक नेहमी दोन वाटांच्या फरकाच्या निम्मी. वाय-फायवर असा चढ सतत निघतो, कारण मधेच कुणी व्हिडिओ लावतं आणि एखादा निरोप रांगेत अडकतो. म्हणून पोऱ्याला एकदाच न पाठवता सतत पाठवत राहायचं, आणि रखडलेल्या फेऱ्या बाजूला ठेवून उरलेल्यांवर विश्वास ठेवायचा. शिवाय आत्ताचा फरक कळून भागत नाही, तो फरक कोणत्या गतीनं वाढतोय हेही काढावं लागतं, कारण गारगोटी पुढच्याच क्षणापासून पुन्हा भरकटायला लागते. पहिला आकडा म्हणजे घड्याळांतलं अंतर, दुसरा म्हणजे ते अंतर वाढण्याची गती.

मी वापरतो तो स्नॅपकास्ट नावाचा मुक्त प्रोग्राम हेच करतो. मुख्य संगणक गाण्याचे छोटे तुकडे करून प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारतो. सगळ्या खोल्यांतली यंत्रं साधारण एक सेकंदाचा साठा जवळ बाळगतात आणि मुख्य घड्याळाप्रमाणे ठरल्या क्षणीच तुकडा वाजवतात. एखादं यंत्र मागे पडलं तर एक आकडा गाळतं, पुढे गेलं तर एक आकडा दोनदा वाजवतं. एका आकड्याची किंमत ०.०२ मिलिसेकंद. माझ्या फोनांच्या फरकासाठी सेकंदाला एखादाच असा आकडा इकडेतिकडे होतो आणि कानाला त्याचा पत्ता लागत नाही. खोल्यांमधला फरक सहसा ०.२ मिलिसेकंदाच्या आत राहतो. त्या एका सेकंदाच्या साठ्यामुळे टीव्हीचा आवाज मात्र असा फिरवू नये, बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतील.

एवढी अचूकता गरजेची आहे का? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला जेमतेम ३४ सेंटिमीटर. आईच्या उंबऱ्यापासून ओट्याजवळचा स्पीकर २ मीटरवर, बाहेरचा ७ मीटरवर. घड्याळं अगदी जुळली तरी बाहेरचा आवाज १५ मिलिसेकंद उशिराच येणार. तरी तो वेगळा ऐकू येत नाही, कारण मेंदू आधी आलेला आवाज खरा धरतो आणि पाठोपाठ आलेला त्यातच मिसळून टाकतो. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे मोजून दाखवलं: बोलण्याच्या बाबतीत साधारण ३० मिलिसेकंदांपर्यंत हे मिसळणं चालतं, त्यापुढे प्रतिध्वनी सुटा होतो. लोकलच्या फलाटावरची घोषणा कळत नाही ती यामुळेच. सगळे भोंगे एकदमच बोलतात, पण अडीचशे मीटर दूरच्या भोंग्याचा आवाज पाऊण सेकंदानं येतो. म्हणजे दोन खोल्यांसाठी थोडी ढिलाई चालते. एकाच खोलीतल्या डाव्या-उजव्या स्पीकरसाठी मुळीच नाही, कारण आवाज कुठून आला हे आपण दोन कानांतल्या एका मिलिसेकंदाहूनही लहान फरकावरून ओळखतो. ती जोडी नेहमी एकाच अँप्लिफायरला, तारेनं.

सामानाचं सांगायचं तर जुनं ते सोनं. मुख्य संगणक म्हणून माळ्यावरचा लॅपटॉप, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून. बाहेरच्या खोलीत सीडीच्या काळातला अँप्लिफायर आणि त्याचे स्पीकर, त्यांना रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा बोटभर लांबीचा संगणक. त्याला हेडफोनचं भोक नसतं, म्हणून आकड्यांचा आवाज करणारी छोटी पाटी वेगळी घ्यावी लागते. स्वयंपाकघरात काच तडकलेला फोन, तिथून ऑक्सची वायर जुन्या टेपरेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये. सगळा खर्च पाच आकड्यांत गेला नाही. शेवटच्या टप्प्यावर ब्लूटूथ मात्र टाळा. ब्लूटूथ स्पीकर आपला वेगळा साठा करतो, शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा, आणि प्रत्येक स्पीकरचा निराळा. बहुतेकांना मागे ऑक्सचं भोक असतं, ते वापरा.

बाबांची खोली बाहेरच्या खोलीला लागूनच आहे, तिथे मी त्याच अँप्लिफायरवरून तार ओढली. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा मोजण्याचं माप; ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अँप्लिफायरला ४ ओहमचा भार दिसतो, तो त्याला चालतो का हे मागच्या पट्टीवर आधी वाचा. तार कोणती? इलेक्ट्रिकच्या दुकानातली १ चौरस मिलिमीटरची तांब्याची. १० मीटर जाऊन परत येणारी २० मीटर तार सुमारे ०.३५ ओहमची होते. ८ ओहमपुढे तो चार टक्क्यांचा फरक, अर्ध्या डेसिबेलहूनही कमी. "खास आवाजासाठी" म्हणून शेकडो रुपये मीटरनं विकल्या जाणाऱ्या तारा यापेक्षा जास्त काहीही देत नाहीत. ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

सगळं जोडून झाल्यावरही ओट्याजवळचा टेप कायमचा थोडा मागे होता, कारण फोनाच्या आतून आवाज बाहेर पडायलाच वेळ लागतो. हा उशीर साचत नाही, ठाम राहतो, म्हणून एका आकड्यानं मिटतो. पुन्हा तबल्याचा ठोका लावला, तिसरा फोन आईच्या उंबऱ्यात धरला, काट्यांमधलं अंतर मोजलं, बाहेरचा आवाज वाटेत घालवतो ते १५ मिलिसेकंद त्यात मिळवले आणि आलेले ४१ स्नॅपकास्टमध्ये स्वयंपाकघराच्या नावापुढे भरले. तासाभरानं पुन्हा रेकॉर्ड केलं. काटे जिथे होते तिथेच होते.