लक्स की पार? कोरलचा लाइट घेताना होणारा घोळ

कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, खाऱ्या पाण्याच्या टँकवर निळा रीफ लाइट लावला त्या दिवशी बायको म्हणाली, "एवढे पैसे घालून अंधार विकत आणलास का?" खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. आधीचा साधा पांढरा एलईडी फ्लड अख्खं बेसमेंट उजळायचा, पाण्यावर फोन धरला की लक्सच्या ॲपमध्ये ९००० दाखवायचा, आणि हा नवा जेमतेम २०००. मग त्या पांढऱ्याखाली माझा ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचा कोरल, चॉकलेटी का पडला होता?

तर लक्स, आणि खोक्यावर छापलेले ल्युमेन, हे माणसाच्या डोळ्याचं माप. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट उजेड सगळ्यात जास्त जाणवतो, गडद निळा फारच कमी, आणि मीटर बनवलाच त्या हिशोबाने. पार (PAR) म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला चालणारा उजेड, त्यात असा भेदभाव नाही, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, नुसते मोजायचे, एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले ते. गणित करून बघा, तेवढेच फोटॉन हिरव्यात पाडले तर ४५० च्या निळ्यापेक्षा लक्स २० पट जास्त येतो! आणि कोरलच्या पेशीत राहून त्याला खाऊ घालणारं शेवाळ, झूझँथेली, त्याला निळाच उजेड जास्त कामाचा, कारण समुद्रात थोडं खाली गेलं की लाल उरतच नाही फारसा.

म्हणजे पांढऱ्याचे ९००० लक्स धरून चाला साधारण १३० पार, तेही पाण्याच्या वर, आणि निळ्याचे २००० सहज २०० च्या पुढे.

शेवटी दुकानातून अपोजी कंपनीचा पार मीटर दोन दिवस भाड्याने आणला. १६ इंच उंच टँक, तरी वरच्या रॉकवर २४०, वाळूवर ८० आणि डाव्या कोपऱ्यात फक्त ४५, म्हणजे "या लाइटचा पार किती" हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठे किती ते विचारा. कोरलच्या जातीप्रमाणे ढोबळ मानाने मशरूम, झोअँथिड ५० ते १००, टॉर्च-हॅमर १०० ते १५०, ॲक्रोपोरा २०० ते ३५०. कमी पडला तर झोअँथिड माना लांबवतात, एकदम जास्त मारला तर कोरल पांढरंफटक पडतं, म्हणून मी ५० टक्क्यांवर सुरू करून महिनाभर दर आठवड्याला थोडा थोडा वाढवला.

पण नुसत्या पारवरही भाळू नका हं. तो लाल फोटॉन आणि निळा फोटॉन सारखाच मोजतो, त्यामुळे झाडांसाठीचा लालसर ग्रो लाइटही आकडा झकास दाखवतो आणि कोरलला त्याचा तेवढा उपयोग नाही, वर काचेवर शेवाळ माजतं ते वेगळंच.

ॲक्रोपोराच्या टोकांवर जांभळा रंग परत यायला दोन महिने लागले. बायको अजून खाली आली की आधी ट्यूबलाइट लावते.