अर्धशिशीचे झटके आणि सुयांचा उपाय

ऑक्टोबरच्या उकाड्यात दादरचा पूल उतरताना डोळ्यांसमोर चमचमती नागमोडी रेघ दिसू लागली की अर्धशिशीचा जुना रुग्ण ओळखतो, आता तासाभरात डोके ठणकणार. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळीच घ्यावी. अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याच्या उपचाराचा, विचार करायचा तो झटके मुळात कमी यावेत म्हणून.

वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2016 मध्ये 22 चाचण्यांचा, म्हणजे जवळपास 5,000 रुग्णांचा आढावा घेतला. झटका आल्यावरच औषध घेणाऱ्या किंवा नेहमीचेच उपचार चालू असणाऱ्या 100 पैकी 17 जणांची डोके दुखण्याची वारंवारता निम्म्यावर आली, तर त्याच्या जोडीला सुया घेणाऱ्यांत हे प्रमाण 41 होते. झटके येऊच नयेत म्हणून नियमित घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांशी तुलना केली असता तीन महिन्यांनी सुयांचे पारडे थोडे जड होते, सहा महिन्यांनी दोन्ही जवळपास बरोबरीत आले. दुष्परिणाम मात्र सुयांचे कमी होते.

खरी विचार करायला लावणारी तुलना आहे ती खोट्या सुयांशी, म्हणजे भलत्याच जागी टोचलेल्या किंवा कातडीत न शिरणाऱ्या सुयांशी. तिथे खऱ्या सुयांनी 100 पैकी 50 जणांना एवढा आराम पडला आणि खोट्यांनी 41 जणांना. म्हणजे गुणाचा मोठा वाटा टोचणीचा, आपुलकीच्या विचारपूसीचा, रुग्णाच्या अपेक्षेचा असू शकतो. यावरून उपचार पोकळ ठरत नाही, पण अचूक बिंदूतच सारे गुपित आहे हा दावा मला पटत नाही.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग, मानेमागे कवटीखालचे खळगे अशा ठिकाणी इंजेक्शनच्या सुईहून पुष्कळ बारीक, भरीव सुया टोचून त्या बहुधा वीस-तीस मिनिटे ठेवतात. त्या जागी जडपणा किंवा मुंग्या जाणवतात. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने टोपिरामेट आणि प्रोप्रॅनोलॉल ही प्रतिबंधक औषधे चालत नसतील किंवा लागू पडत नसतील, तर पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका सुचवल्या होत्या. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचार करणाऱ्याची नोंदणी आणि सुया एकदाच वापरायच्या आहेत ना, हे विचारायला संकोचू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर ते आधी सांगावे. एकाएकी असह्य डोके दुखू लागले, बोबडी वळली किंवा हातपाय लुळा पडला, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

पहिल्या बैठकीआधी महिनाभर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर डोके दुखलेल्या प्रत्येक दिवसावर खूण करावी आणि पुढे तीन महिने ती चालू ठेवावी. खुणा कमी झालेल्या दिसल्या नाहीत, तर तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे प्रतिबंधक गोळ्यांविषयी बोलायला जावे.