फस्ट

फस्ट : कुबटणे, बुरसणे, वापराविना पडून वास मारू लागणे या अर्थाचे, आता प्रचारातून गेलेले इंग्रजी क्रियापद. ‘पहिला’ या अर्थाच्या फर्स्टशी त्याचे काही नाते नाही.

शब्दाचे मूळ कुजण्यात नाही, सोट्यात आहे. लॅटिन ‘फुस्तिस’ म्हणजे काठी, दंडुका. पहाऱ्यावर झोपलेल्या रोमन शिपायाला त्याचेच सोबती दांडक्यांनी ठेचत, त्या शिक्षेचे ‘फुस्तुआरियम’ हे नाव त्यावरूनच पडले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘फुस्त’ झाला आणि अर्थ लाकूड, मग लाकडी फळ्यांचे वाइनचे पिंप असा सरकत गेला. इंग्रजीत मात्र टिकला तो पिंपाचा वास. रिकाम्या पिंपाच्या फळ्यांत वाइन मुरलेली असते. ते दमट तळघरात तसेच राहिले की आतून बुरशी धरते आणि पुढे भरलेल्या चांगल्या वाइनलाही तो दर्प लागतो. ‘फस्टी’ हे विशेषण चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. क्रियापद त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी आले.

ते आज कोणाला आठवत असेल, तर शेक्सपिअरच्या हॅम्लेटमुळे. चौथ्या अंकात पोलंडवर चालून निघालेले नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रासचे सैन्य पाहून हॅम्लेट स्वतःलाच विचारतो : ज्याने आपल्याला एवढी विवेकबुद्धी दिली, त्याने ती न वापरता आत बुरसायला का दिली? इथे डोक्याचेच पिंप झाले आहे. गंमत अशी की हे स्वगत 1604-05 च्या दुसऱ्या क्वार्टो प्रतीत, म्हणजे या एकट्या नाटकाच्या लहान आकाराच्या छापील प्रतीत आहे; 1623 च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या मोठ्या आकाराच्या एकत्रित आवृत्तीत नाही. फोलिओवरच सारी भिस्त असती, तर ही ओळ आपल्यापर्यंत आलीच नसती.

क्रियापद गेले, विशेषण राहिले. बंद खोलीला आणि जुनाट मतांना इंग्रजीत अजून ‘फस्टी’ म्हणतात; मराठीत बुरशीवरून ‘बुरसटलेले विचार’ झाले, तीच वाट. ऑलिव्ह तेलाचे परीक्षकही हा शब्द वापरतात : ढीग करून ठेवलेली फळे हवेविना आंबली की त्यांच्या तेलात उतरणाऱ्या दोषाचे ते अधिकृत नाव आहे.

फ्रेंचमध्ये पिंपाच्या त्या ‘फुस्त’चा पुढे ‘फ्यू’ झाला. गळलेल्या ‘स’ची खूण म्हणून ‘यू’ अक्षरावर टोपी उरली आहे. तिथे मात्र ‘ओकच्या फ्यूत मुरवलेली’ असे वाइनच्या बाटलीवर मोठ्या अभिमानाने छापतात.