पिकअपच्या हौद्यातील कार्पेट लायनर आणि साधे कार्पेट : फरक खालच्या बाजूला आहे

पिकअप ट्रकच्या हौद्यात कार्पेट घालण्याचा विषय निघाला, की अमेरिकेतील मराठी मंडळींत दोन ठरावीक मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे, की पावसात, बर्फात आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या जागेत कार्पेट घालणे म्हणजे महिन्याभरात ते कुजवणे होय. दुसरे मत नेमके उलट : लायनरसाठी काही शे डॉलर कशाला घालवायचे, घराच्या कामातून उरलेला कार्पेटचा तुकडा मापाने कापून हौद्यात अंथरला की काम झाले. ही दोन मते एकमेकांविरुद्ध मांडली जात असली, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ट्रकच्या हौद्यासाठी बनवलेले कार्पेट लायनर आणि घरातील कार्पेट या एकाच वस्तूच्या महाग आणि स्वस्त आवृत्त्या आहेत, असे दोघेही गृहीत धरतात. पहिला माणूस चांगली वस्तू नाकारतो आणि दुसरा चुकीची वस्तू ट्रकमध्ये घालतो. पुढे दुसऱ्याच्या ट्रकमधला कुबट वास पहिल्याला आपल्या मताचा पुरावा वाटतो, आणि गोंधळ तसाच पुढे चालू राहतो.

घरातील कार्पेट कसे असते, हे कोणाला सांगण्याची गरज नाही. लायनर वरून तसेच दिसते : करडे किंवा काळे, आखूड केसांचे, हाताला थोडे राठ लागणारे. ते ट्रकच्या मॉडेलनुसार साच्यात घडवलेले असते, चाकांवरच्या उंचवट्यांवर बसते, बाजूच्या भिंती झाकते आणि मागच्या फाळक्यासाठी त्याचा वेगळा तुकडा येतो. हौदा साडेपाच फुटी आहे, साडेसहा की आठ, हे पाहून मागवावे लागते. आकार, रंग आणि बसण्याची सफाई हे फरक डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांबद्दल फारसे कोणी चुकत नाही.

चूक सुरू होते ती धाग्यापासून. लायनरचा धागा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि तो पाणी शोषत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. ती खरीही आहे. नेहमीच्या दमट हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे 4 टक्के ओलावा धरतो आणि लोकर 14 ते 16 टक्के. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत हे प्रमाण 0.1 टक्क्याच्याही खाली असते. हा धागा पाण्याहून हलका असतो. त्याची घनता 0.91 च्या आसपास, तर नायलॉनची सुमारे 1.14 आणि पॉलिएस्टरची 1.38 असते. त्यामुळे कार्पेटचा एक धागा उपटून, भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब घातलेल्या पेलाभर पाण्यात बुडवला, की तो वर येतो की तळाशी जातो यावरून ओळख पटते. साबण यासाठी, की पाण्याच्या पृष्ठताणामुळे जड धागाही कधीकधी वर राहतो आणि फसवतो.

मात्र इथे थांबणारा माणूस अर्धेच सत्य घेऊन दुकानात जातो. घरगुती कार्पेटचा धागाही पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचाच असतो. अमेरिकन दुकानांत तो ‘ओलेफिन’ या नावाने विकला जातो आणि तळघरासाठी मुद्दाम सुचवला जातो. म्हणजे लेबल वाचून, धागा पाण्यात बुडवून, सगळी परीक्षा पास झालेले कार्पेट हौद्यात घातले तरी ते कुजट वास मारू शकते. याचे उत्तर वरच्या केसांत सापडत नाही. ते खालच्या बाजूला आहे, आणि खरेदी करताना ती बाजू उलटून पाहणारी माणसे फारच थोडी.

घरगुती कार्पेटचा कापलेला काठ नखाने उकलून पाहावा. केस एका विणलेल्या जाळीत ओवलेले असतात, त्या जाळीखाली पांढरट, खडूसारखा थर असतो आणि त्याखाली दुसरी जाळी चिकटवलेली असते. नख लावताच त्या पांढऱ्या थराची भुकटी पडते, कारण तो लेटेक्स आणि चुनखडीची पूड यांचा लेप असतो. घराच्या कोरड्या जमिनीवर हा लेप वर्षानुवर्षे आपले काम चोख करतो. वारंवार भिजून वाळण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. दोन जाळ्यांच्या मधल्या सूक्ष्म फटींत पाणी शिरते आणि वरून वारा लागला तरी आतले पाणी लवकर निघत नाही. जुन्या कार्पेटांना तर खालून तागाचे कापड असे, आणि ताग ओला राहिला की काय होते हे धान्याची पोती पाहिलेल्याला सांगायला नको. त्यातच कोणी घरातल्यासारखी मऊ गादीही खाली घातली असेल, तर ओलावा कायमचा मुक्कामाला आला असे समजावे. ती गादी फोमचे तुकडे दाबून बनवलेली असते, त्या फोमची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, आणि अशी गादी म्हणजे सरळ सरळ स्पंज.

लायनरमध्ये हे दोन्ही थर नसतात. तिथे केस जाळीत ओवून लेटेक्सने बसवलेले नसून सुयांनी एकमेकांत गुंतवून त्यांची नमद्यासारखी घट्ट चादर केलेली असते, आणि खाली बंद छिद्रांचा फोम जोडलेला असतो. या फोममधील प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र आणि चहूबाजूंनी बंद असतो, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाटच नसते. बेडरगसारख्या नावाजलेल्या लायनरमध्ये तळाचा हा थर सुमारे पाऊण इंच जाडीचा असतो. पाणी केसांच्या मधे साचते, फोमवरून घसरते, किंवा कडेने खाली उतरून हौद्याच्या पत्र्यावरील पन्हाळींतून मागे वाहून जाते. फोम त्या पत्र्याच्या उंचवट्यांवर टेकलेला राहतो आणि मधल्या पन्हाळी मोकळ्या राहतात. घरगुती कार्पेट भिजून जड झाले, की याच पन्हाळींत खचून बसते आणि निचऱ्याची वाट स्वतःच बुजवते.

‘वॉटरप्रूफ’ हे लेबल मला या संदर्भात मुळीच पटत नाही, कारण ते नेमका हाच फरक झाकून टाकते. लायनर पाणी अडवत नाही. त्याच्या खाली पाणी जातेच. ते पाणी धरून ठेवत नाही, एवढाच त्याचा गुण आणि तोच महत्त्वाचा. पत्र्याला पाण्याचा स्पर्श झाल्याने तितके नुकसान होत नाही, जितके तो सतत ओल्या थराखाली दाबलेला राहिल्याने होते. मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडते. ते बुटांबरोबर आणि सामानाबरोबर हौद्यात येते, ओल्या कार्पेटमध्ये मुरते आणि रंगाच्या प्रत्येक ओरखड्यातून पोलाद खायला लागते. फोर्डच्या एफ-150 चा हौदा 2015 च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे आणि टोयोटा टॅकोमाला 2005 पासून संमिश्र प्लास्टिकचा हौदा मिळाला, म्हणून त्यांना तांबडा गंज चढणार नाही हे खरे. परंतु बुरशीला लोखंड लागत नाही. तिला ओल आणि धूळ पुरते.

म्हणून निवड करताना नमुन्याचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा मिळाला तरी पुरे. तो बादलीतील पाण्याखाली धरून मुठीत दाबावा आणि सोडावा, असे दोन-चार वेळा करावे. बंद छिद्रांचा फोम दाबला जातो आणि पुन्हा फुगतो, पण त्यातून बुडबुड्यांची धार निघत नाही, आणि बाहेर काढून झटकल्यावर तो जवळजवळ पूर्वीइतकाच हलका लागतो. उघड्या छिद्रांच्या फोममधून पहिल्याच दाबाला हवा भसाभसा बाहेर येते आणि सोडताच तिथे पाणी भरते. लेटेक्सचा लेप असलेला तुकडा बुडबुडे कमी सोडतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळीही खालून गार आणि ओलसर लागतो. ही परीक्षा कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह आहे.

होम सप्लायच्या दुकानात गुंडाळीतून कापून मिळणारे, घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालणारे पातळ कार्पेट या दोहोंच्या मधे बसते. त्यातील काही प्रकार सुयांनी गुंतवलेल्या पॉलिप्रॉपिलीनचेच असतात आणि त्यांना खालून लेप नसतो. ट्रकवर फायबरग्लासची बंद कॅप (हौद्यावर बसणारे टोपण) असेल आणि आत झोपण्यासाठी प्लायवुडचा मंच केला असेल, तर त्या मंचावर असे कार्पेट लावणे मला पूर्णपणे योग्य वाटते. उघड्या हौद्याच्या पत्र्यावर मात्र ते सपाट चिकटून बसते आणि त्याच्या खाली हवा खेळत नाही. बोटींसाठीच्या कार्पेटमध्येही रबरी लेप असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार येतात. ‘मरीन’ एवढे नाव वाचून खरेदी करू नये.

बसवण्याच्या कामातही हाच फरक पुढे येतो. काढता न येणारे कार्पेट हौद्यात असूच नये, या मतावर मी ठाम आहे. काँटॅक्ट सिमेंट फासून कार्पेट पत्र्याला कायमचे चिकटवणे किंवा स्क्रू मारून बसवणे हे दोन्ही प्रकार मला पाहवत नाहीत, कारण गोंदाखालची ओल दिसत नाही आणि प्रत्येक नवे छिद्र गंजाला आमंत्रण देते. लायनर वेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसते, म्हणून वर्षातून एकदा उचलून खाली झाडता-धुता येते. या पट्ट्या सुटतात अशी जी तक्रार असते, तिचे कारण बहुतेक वेळा घाईत असते. हौदा धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या निम्म्यानिम्म्या मिश्रणाने पुसावा. मेण किंवा चकाकी आणणारे द्रव्य आधी लावलेले असेल तर ते निघेपर्यंत पुसावे. या पट्ट्यांच्या पाठीला असलेल्या, दाबाने चिकटणाऱ्या अॅक्रिलिक टेपला साधारण 21 ते 38 अंश सेल्सिअस तापमान मानवते, 10 अंशांच्या खाली ती नीट धरत नाही, आणि तिची पूर्ण ताकद यायला सुमारे 72 तास लागतात. म्हणजे डिसेंबरात शिकागोच्या ड्राइव्हवेवर हे काम करू नये, गरम गॅरेजात करावे किंवा वसंताची वाट पाहावी. फवारलेल्या लायनरचा, म्हणजे पत्र्यावरच फवारून बसवलेल्या संरक्षक थराचा, पृष्ठभाग खडबडीत असतो, तिथे चिकटण्यास मदत करणारे प्रायमर आधी लावावे आणि पट्टी अंगठ्याने जोर देऊन दाबावी.

मागवताना आणखी एक तपशील पाहावा. मोकळ्या किंवा फवारलेल्या हौद्यासाठीचे लायनर वेगळे आणि आधीपासून बसवलेल्या कडक प्लास्टिकच्या लायनरवर घालायची केवळ तळाची चटई वेगळी. दोन्हींची मापे आणि उत्पादन क्रमांक निराळे असतात. मी स्वतः ते प्लास्टिक काढून टाकण्याच्या पक्षाचा आहे. त्याच्या खाली वाळू अडकते, गाडी चालताना ते थरथरते आणि रंग घासत राहते. त्यावर कार्पेटची चटई घातल्याने खालची झीज थांबत नाही.

हे लायनर प्रत्येकासाठी आहे, असेही नाही. रोज खडी, लाकडाचा भुसा किंवा बागेतला पालापाचोळा वाहणाऱ्याने फवारलेले लायनर घ्यावे, कारण केसांत अडकलेले पाइनच्या झाडाचे काटे काढताना व्हॅक्यूमही हात टेकतो. ज्यांच्या हौद्यातून घरसामान, सायकली, कुत्रा किंवा गणेशोत्सवात मंडळाचे ढोल आणि मखर जाते, त्यांना मात्र याच्याइतके चांगले काही नाही. प्लास्टिकवर पहिल्याच वळणाला घसरणारा ढोल इथे जागेवर राहतो आणि सामान ओढायला आत शिरलेल्याचे गुडघेही वाचतात. धुण्यासाठी फाळका उघडून, ट्रकचे नाक थोडे चढावर ठेवून, पुढून मागे पाइपने पाणी मारावे. धागा पाणी पीत नसला तरी धाग्यांमधली माती पिते, आणि वास येतो तो त्या मातीचा. गरम वस्तू मात्र त्यावर ठेवू नये. पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे नुकती बंद केलेली ग्रिल किंवा तापलेल्या सायलेन्सरचा जनरेटर थेट ठेवला तर तिथले केस वितळून कायमचा कडक डाग राहतो.

पेट्रोलच्या कॅनच्या बाबतीत दोन्ही कार्पेटांत आणि प्लास्टिकच्या लायनरमध्येही फरक उरत नाही, तिन्ही सारखीच धोक्याची ठरतात. गवत कापण्याच्या यंत्रासाठी कॅन भरताना तो हौद्यातच ठेवून नळी लावायची सवय अनेकांना असते. पेट्रोल वाहताना कॅनवर स्थिर विद्युतभार साचतो आणि खालचा विद्युतरोधक थर तो जमिनीत उतरू देत नाही. मग नळीच्या तोंडाशी ठिणगी पडू शकते. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1998 मध्येच अशा आगींबद्दल इशारा दिला होता. कॅन हौद्यातून उतरवून पंपाच्या जमिनीवर ठेवावा, नळीचे तोंड कॅनच्या काठाला टेकवून संथपणे भरावा, झाकण घट्ट लावावे आणि मगच तो पुन्हा लायनरवर ठेवावा.